डंकावरची पहिली चटणी

सुमेधाच्या डंकाचं उद्घाटन झालं त्या दिवशी संयोगितानं भाषण केलं, आणि ते चांगलं झालं. भाषण तिला जमायचंच. बायकांना छोटे उद्योग काढून देणाऱ्या साताऱ्याच्या एका संस्थेत ती काम करत होती. कुणाला शेवयांचं मशीन मिळवून दे, कुणाला गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं ते शिकव, कुणाच्या नवऱ्याची समजूत घाल, हे तिचं रोजचं काम. कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात तिची स्कूटी दिसली की बायका ‘गटाच्या ताई आल्या’ म्हणायच्या. आज तर कार्यक्रम तिच्या स्वतःच्या सासरच्या गावात होता, त्यामुळे आवाजाला जरा जास्तच धार आली होती. गावातल्या बाईनं धंदा काढला तर तिचं पहिलं गिऱ्हाईक गावातलीच बाई पाहिजे, असं ती म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डंक म्हणजे चटणी कुटायचं मशीन. लोखंडी उखळात लोखंडी मुसळं आळीपाळीनं आपटत राहतात आणि घराची वर्षाची कांदा-लसूण चटणी बसल्या जागी कुटून निघते. पाडव्याच्या आगेमागे आमच्याकडे घराघरांत मिरच्या वाळतात, देठं मोडली जातात, खोबरं, तीळ, धणे तेलात परतले जातात, आणि मग डबे घेऊन बायका डंकावर जातात. विकतची चटणी आणणाऱ्या घराकडे गाव जरा दयेनंच बघतं. या गावात मात्र आजवर डंक नव्हता. सगळ्या जणी कोरेगावला जायच्या आणि अख्खा दिवस तिथं नंबरात बसून काढायच्या. त्यामुळे सुमेधाचा डंक चालणार नाही असं म्हणायला कागदावर तरी काही कारण नव्हतं.

जे कारण होतं ते कुणी कागदावर लिहीत नाही. सुमेधाचं घर समाजमंदिराच्या पलीकडे, बौद्ध वस्तीत. डंक तिनं घरापुढेच, रस्त्याला लागून, वर पत्रा टाकून बसवला होता. उद्घाटनाला वरच्या आळीतल्या बऱ्याच बायका आल्या होत्या. पेढे कोरेगावच्या दुकानातले होते, ते सगळ्यांनी खाल्ले. चहा सुमेधाच्या घरातला होता, आणि बहुतेकींचा चहा नेमका घरून निघतानाच झालेला होता. संयोगितानंही ॲसिडिटीचं नाव सांगून कप पुढच्या बाईकडे सरकवला. तिचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्याच सरकवत होत्या. सुमेधाच्या लक्षात आलं असेल, पण तिनं तसं दाखवलं नाही.

सुमेधा मूळची सांगलीकडची, आष्ट्याची. तिथं तिच्या मावशीचा डंक होता, आणि लग्न झाल्यावरही दरवर्षी सीझनला ती मावशीच्या हाताखाली जायची. आष्ट्याच्या बाजारात कोण कुणाची हे विचारायला कुणाला सवड नसायची, नंबर आला की डबा पुढे करायचा. पण आता नवरा पुण्यात कंपनीत, पोरगी इथल्या शाळेत, म्हणून तिला गावातच राहून काहीतरी उभं करायचं होतं. बाई कामाला वाघ आणि तोंडानं फटकळ. गाव तिला ओळखून होतं आणि तीही गावाला ओळखून होती. मंडप उतरल्यावर तिनं संयोगिताला बाजूला घेतलं आणि सरळ विषयालाच हात घातला.

“ताई, भाषण लय झ्याक झालं. आता एक करा. तुमच्या घरची चटणी पयली माझ्याकडं येऊ द्या. तुमी आलात की बाकीच्यांना सांगावं लागत न्हाई. पाडव्यापासनं आखितीपर्यंतच धंदा हाय. तेवढे दिवस रिकामे गेले, तर मशीनला पोतं घालून मी परत आष्ट्याला जाईन.”

पहिली आमचीच येणार, त्यात काय विचारायचं, असं संयोगिता म्हणाली. सुमेधाचा हात हातात घेऊन म्हणाली. शब्द देताना तिला त्यात काडीचंही खोटं वाटलं नाही. शब्द देताना सगळ्यांचाच शब्द खरा असतो. भानगड सुरू होते ती घरी गेल्यावर.

घरी तिच्या सासूबाई, आक्काताई, ओसरीवर मिरच्यांची देठं मोडत बसल्या होत्या. बाई वाईट नव्हती. नवऱ्यामागं ऊस आणि जनावरं एकटीनं सांभाळून मुलाला, विश्वजीतला, फौजेत धाडलेली. सून स्कूटीवरून तालुकाभर हिंडते याचा तिला अभिमानच होता. सुमेधाच्या पोरीला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मुद्दाम बोलावून तिला पेन दिला होता, अर्थात अंगणात. संयोगितानं चटणीचा विषय काढला तेव्हा आक्काताई चिडल्या नाहीत. देठं मोडणारा हातसुद्धा थांबला नाही.

“दळण असतं तर कायच म्हणले नसते,” त्या म्हणाल्या. “पीठ विस्तवावरनं जातंय. चटणी तशीच पानात येती. आन् डंकावर हात घालून वरखाली करावी लागती. मी त्यास्नी नावं ठेवत न्हाई. पर माझ्या मनाला न्हाई पटत.”

यावर काय बोलायचं हे संयोगिताला तोंडपाठ होतं. घरच्या मोठ्या माणसांची समजूत कशी घालायची याचं प्रशिक्षण ती स्वतः देत असे, फळ्यावर चित्रं काढून. बायकांनी नको तिथं गप्प बसू नये हे त्यातलं तिचं आवडतं वाक्य. इथं मात्र ती एवढंच म्हणाली की आत्या, मी शब्द देऊन बसलेय, बघा काय ते. आणि हातपाय धुवायला मोरीत गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

नंतर दोन दिवस हा विषय निघाला नाही, आणि मग दोन दिवस तिचं साताऱ्याला प्रशिक्षण होतं. परत आली तर दारातच नव्या चटणीचा खमंग वास. भावकीतल्या लालासाहेबाची जीप कोरेगावला निघाली होती, आक्काताईंनी तिच्यातून डबे नेले आणि चटणी कुटून आणून बरण्या भरूनसुद्धा ठेवल्या. तू नव्हतीस म्हणून उरकून घेतलं, म्हणाल्या. संयोगिता म्हणाली, मला विचारायचं तरी. म्हणाली, पण आवाज काही चढला नाही. मग भाकरीवर तेल आणि नवी चटणी घेऊन ती जेवायला बसली, आणि खरं सांगायचं तर तिचा जीव भांड्यात पडला. पडत्या फळाची आज्ञा झाली होती. आता भांडायला जागाच उरली नव्हती आणि दोषही तिच्याकडे येत नव्हता.

पुढचे दिवस तिनं सुमेधाची गल्ली टाळली. पण गाव ते केवढं. एकदा दुधाच्या डेअरीपाशी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा संयोगितानं सांगितलं की मिरची अजून नीट वाळली नाही. बाहेर ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. त्या उन्हात वाळत नाही अशी मिरची अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणी बघितली नसेल. सुमेधा बरं म्हणून निघून गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तर संयोगिताला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या ‘बरं’नं ती दिवसभर कामात चुकत राहिली.

डंकाचा आवाज गावभर जातो. संयोगिता सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की कान तिकडेच असायचे. वस्तीतल्या घरांची चटणी झाली, ऊसतोडीला आलेल्या चार टोळ्यांची झाली, आणि मग आवाज कमी कमी होत गेला. वरच्या आळीतून रोज कुणी ना कुणी डबे घेऊन कोरेगावची एसटी पकडत होतं. ‘ताईंच्या घरचीपण तिकडंच गेली’ हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं; लालासाहेब बोलणारा माणूस नव्हता. पण ताई सुमेधाकडे गेल्या नाहीत एवढं सगळ्यांना दिसत होतं. वाट सगळ्याच बघत होत्या आणि कोण पुढं होतंय ते बघून ठरवू म्हणत होत्या.

अशात पुण्याच्या मुख्य कार्यालयातून प्रियदर्शनी मॅडम आल्या. वयानं संयोगिताहून लहान, बोलायला मोकळ्या, आणि ज्या गावाला जातील तिथल्या बायकांबरोबर जमिनीवर बसून जेवणाऱ्या. त्यांनी डंक बघितला, मशीन चालू करायला लावलं, सुमेधाला दहा प्रश्न विचारले. गिऱ्हाईक कसं आहे म्हणाल्या तेव्हा सुमेधा म्हणाली, येतंय हळूहळू. जेवण संयोगिताच्या घरी होतं, पाहुण्यांचं नेहमी तिथंच असायचं. निघताना मॅडम सहज म्हणाल्या की सुमेधाताई, तुम्हीही चला आमच्याबरोबर जेवायला. त्यांच्या दृष्टीनं त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

सुमेधानं संयोगिताकडे बघितलं. संयोगिता म्हणाली, चल की, आणि तिचं ते ‘चल की’ जरा उशिराच आलं.

आक्काताईंनी तिघींना येताना बघितलं आणि तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. पाणी दिलं, पंखा लावला, पट्ट्या अंथरल्या. मग आतून कागदी पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे ग्लास घेऊन आल्या आणि सगळ्यांपुढं एकसारखे मांडले, मॅडमपुढंही. मांडणीवर स्टीलची ताटं ओळीनं उभी होती. कशाला धुण्याचा व्याप, त्या म्हणाल्या, आणि मॅडमनी तेही कौतुकानं ऐकून घेतलं. संयोगिता खाली मान घालून मीठ वाढत गेली. सुमेधाच्या पत्रावळीपाशी आली तेव्हा तिच्या हातातून मीठ जास्तच सांडलं.

वांग्याचं भरीत होतं, पिठलं होतं, भाकरी तव्यावरून थेट येत होती. मॅडमनी चटणीवर तेल घेतलं, कांदा फोडून घेतला, पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात राहिल्या. मग सुमेधाकडे वळून म्हणाल्या, “काय चव आहे. ही तुमच्याच डंकावरची ना?”

आक्काताई भाकरी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. संयोगिताच्या तोंडात घास होता. न्हाई म्हणायला तो गिळावा लागणार होता आणि हो म्हणायलाही. त्या क्षणात तिला पुष्कळ काही सुचलं. माझ्या सासूबाईंनी परस्पर आणली, हे सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण सासूबाई समोर उभ्या होत्या आणि सुमेधा शेजारी बसलेली होती, आणि दोघींपैकी एकीकडेही बघायची तिची छाती होत नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे तिला त्या घासानं कळलं.

“व्हय मॅडम,” सुमेधा म्हणाली. “माझ्याच डंकावरची. पयला मान ताईंच्या घरचा.”

आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्या चटणीला लावला आणि शांतपणे खाल्ला. मॅडम खूश झाल्या. त्यांनी चटणीची वाटी सुमेधाच्या हातात दिली, शेजारी संयोगिताला बसवलं, आक्काताईंना मागं उभं केलं आणि फोटो काढला. हसा जरा, म्हणाल्या. संयोगिता हसली. तो फोटो जेवण संपायच्या आत गावच्या महिलांच्या ग्रुपवर गेला, खाली मॅडमनी लिहिलं होतं की बदल घरातून सुरू होतो. मोबाईल खिशात टाकून त्यांनी अजून अर्धी भाकरी मागून घेतली.

मॅडमची गाडी गेल्यावर संयोगिता सुमेधाला सोडायला फाटकापर्यंत गेली. काय बोलायचं ते तिनं चार पावलांत जुळवून ठेवलं होतं. तुझे उपकार कसे फेडू, असं काहीतरी ती बोलायला लागली आणि सुमेधानं तिला मधेच थांबवलं.

“उपकार कशाचे? तुमच्यासाठी न्हाई बोलले मी. मी न्हाई म्हणले असते, तर मॅडम तुमाला चार शब्द बोलल्या असत्या आन् गेल्या असत्या. मागं गावाला काय कळलं असतं? की गटाच्या ताईच जात न्हाईत. मग माझ्या दारात कोण आलं असतं? मला मशीन चालवायचंय.”

मी आत्यांना सांगितलं होतं गं, त्यांनीच परस्पर कोरेगावला नेली, असं संयोगिता म्हणाली. ते ऐकताना तिला स्वतःलाच ते शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखं वाटलं.

“त्या म्हातारीला मधी घालू नका,” सुमेधा म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “त्यांनी पत्रावळ्या मांडल्या, ते मला दिसलं. त्या समोर करत्यात. तुमी माझ्या घरी किती येळा आला, ट्रेनिंगला, फॉर्म भरायला, मशीन बसवायला. एकदा तरी पाणी प्यायलाय का? तवा कुठं आडव्या आल्या होत्या सासूबाई?”

ॲसिडिटी, नुकताच झालेला चहा, बरोबर आणलेली बाटली, हे सगळं संयोगिताला एकदम आठवलं आणि तोंड गरम झालं. यातलं काहीही तिनं ठरवून केलेलं नव्हतं. ठरवावं लागलंच नव्हतं, हीच तर लाजेची गोष्ट होती. सासूबाई नसत्या तर तिला दुसरं कुणीतरी शोधावं लागलं असतं. सुमेधा वाट बघत थांबली नाही. दारात वाळत घातलेल्या शेंगा ओलांडून ती रस्त्याला लागली.

आत आक्काताई पत्रावळ्या गोळा करत होत्या. बाई हुशार हाय, त्या म्हणाल्या, तिनं आपली लाज झाकली. रात्रीच्या स्वयंपाकाला संयोगितानं चटणीची बरणी उघडली नाही, नुसत्या हिरव्या मिरच्या ठेचून घातल्या, आणि आक्काताईंनी मुकाट्यानं खाल्लं.

दोन-तीन दिवसांनी कोरेगावच्या बाजारातून ती ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन आली, धणे-खोबरं घेऊन आली, आणि ओसरीवर पसरून देठं मोडायला बसली. वर्षाची चटणी झालीय की, आक्काताई म्हणाल्या, परत कशाला घाट? माहेरी मेढ्याला पाठवायचीय, हे वाक्य संयोगिताच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

“सुमेधाच्या डंकावर कुटायचीय,” ती म्हणाली. “मी खाणार आहे. तुम्हाला नको असेल तर तुमची बरणी वेगळी आहेच.”

एवढं बोलायला तिनं तीन दिवस घेतले होते. आता आकाशपाताळ एक होणार म्हणून ती तयारीत बसली. आक्काताईंनी एक मिरची उचलली, वास घेतला आणि परत सुपात टाकली.

“खा की,” त्या म्हणाल्या. “तवा तू एकदाच इचारलंस. दुसऱ्यांदा इचारशील म्हणून मी दोन दिवस वाट बघितली. तूच बोलली न्हाईस, तवा मला वाटलं, हिच्याबी मनात न्हाई.”

संयोगिताचे हात थांबले. आक्काताई पाटी घेऊन गोठ्याकडे निघून गेल्या. त्यांच्या मनातलं बदललं होतं असं नाही, त्यांनी नंतरही ती चटणी कधी पानात घेतली नाही. पण सुनेच्या मनात काय आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं, आणि भिंत आहे म्हणून जिच्यामागं लपायचं ती भिंत असं सरळ तोंडावर बोलेल असं सुनेला वाटलं नव्हतं. राहिलेली देठं तिनं कशीबशी मोडली.

सुमेधाकडे जायला तिनं दुपारची वेळ निवडली. जेवणं झाली की गाव आडवं होतं, रस्त्याला चिटपाखरू नसतं. आपण चोरून चाललो नाही, गर्दी नको म्हणून चाललो, अशी स्वतःची समजूत घालत तिनं डबे स्कूटीवर बांधले. समाजमंदिराचं वळण घेतलं आणि तिला डंकाचा आवाज ऐकू आला. चांगला जोरात, न थांबता.

पत्र्याखाली दाटी होती. वरच्या आळीतल्या बायका डब्यांना टेकून, पदर नाकाशी धरून, शिंकत आणि हसत बसल्या होत्या. शेजारच्या घरातली सून शिवांजली सगळ्यांत पुढं होती. संयोगिताला बघून सगळ्या एकदम सावरून बसल्या, आणि शिवांजलीनं हात धरून तिला सावलीत ओढलं.

“ताई, तुमच्यामुळं झालं हे,” ती म्हणाली. “तुमचा फोटो आमच्या आत्याबाईंना दावला. त्या म्हणाल्या, फोटोत काय असतंय. मग देवळात आक्काताईंनाच इचारलं. त्या न्हाई म्हणाल्या न्हाईत. त्यांच्यात चालतंय म्हटल्यावर आमच्यात कोण बोलणार? तुमी पुढं झाला म्हणून आमी आलो. न्हाईतर आमची कुठली छाती.”

बाकीच्या माना हलवत होत्या. एक म्हातारी म्हणाली की शिकलेल्या बायकांनी असंच पाहिजे. कुणीतरी संयोगिताच्या हातातला डबा घेतला. तिनं तोंड उघडलं. न्हाई गं, मी आले नव्हते, आमची कोरेगावला गेली, मी खोटी आहे. सगळं ओळीनं घशापर्यंत आलं. बोलून टाकलं असतं तर तिची छाती हलकी झाली असती. तेवढ्यात तिची नजर उखळाकडे गेली. सुमेधा वाकून चटणी वर काढत होती, कपाळाला घाम, हात कोपरापर्यंत लाल. तिनं मान वर केली आणि संयोगिताकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. हे डबे इथंच राहिले पाहिजेत, एवढंच त्यात होतं.

खरं बोलून त्या पत्र्याखाली एकीचंच भलं होणार होतं, आणि ती एक म्हणजे ती स्वतः. संयोगितानं तोंड मिटलं. मी मागं बसते, माझं सावकाश होऊ दे, एवढं ती म्हणाली. पण बायका ऐकेनात. ताईंना कुठं मागं बसवता, असं म्हणून त्यांनी आपापले डबे सरकवले, शिवांजलीनं स्वतःचा नंबर सोडला, आणि तिला धरून सगळ्यांच्या पुढं, उखळापाशी नेऊन बसवलं.

सुमेधानं आधीच्या बाईची चटणी भरून दिली, उखळ पुसलं, संयोगिताचा डबा उघडून मिरच्या आत ओतल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मागल्या बारीसारखीच बारीक करू न्हवं, ताई?”

सगळ्या बायका संयोगिताकडे बघत होत्या.

“व्हय,” ती म्हणाली. “तशीच कर.”

सुमेधानं बटण दाबलं. मुसळं आपटायला लागली, तिखटाचा लोट उठला आणि सगळ्यांनी पदर तोंडावर घेतले. संयोगितानंही घेतला आणि तो बराच वेळ खाली केला नाही. मागं शिवांजली कुणाला तरी सांगत होती की आमच्या ताई बोलतात तशा वागतात.